गेलिक फुटबॉल: आपल्या माणसाचा धसमुसळेपणा पाठीशी घालायचा का?

लिफीकाठी | शनिवार, रात्री ९:४८

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथे मांडतो. डब्लिनमध्ये राहून गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाचं वेड लागलेले आपण इथे आठ-दहा जण तरी आहोत. तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार?

आज चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. पाऊस, चिखल, नेहमीचंच. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आमचा क्लब एका गुणाने पुढे होता. समोरच्या संघाचा एक लुकडा पोरगा चेंडू घेऊन डाव्या बाजूने सुसाट सुटला. पुढे आमचा फक्त गोलकीपर. तेवढ्यात आमच्या एका मुलाने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला उचलून आपटलं. चेंडूकडे त्याने बघितलंही नाही. लुकडा पोरगा हातावर पडला. एक हातमोजा निघून चिखलात गेला, तो त्याच्या आजोबांनी वाकून उचलला आणि मांडीला पुसला. ते काहीही बोलले नाहीत.

आमच्या बाजूच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, हुशार पोरगा आहे तुझा.

हो, पाडणारा माझाच मुलगा होता.

फ्री किकवर त्यांना गुण मिळाला नाही, आम्ही जिंकलो. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "बाबा, बरोबर केलं ना मी? सगळे टाळ्या वाजवत होते." मला उत्तर देता आलं नाही. २०१७ ची ऑल-आयर्लंड फायनल आठवली, म्हणजे काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) देशभरातल्या स्पर्धेची अंतिम लढत. शेवटच्या मिनिटाला डब्लिनच्या पोरांनी मेयोच्या खेळाडूंना धरून धरून खाली पाडलं, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात मी नाचलो होतो. हा पाच वर्षांचा होता आणि माझ्या खांद्यावर बसला होता.

तेव्हा प्रश्न असा आहे: आपल्या संघाच्या खेळाडूने दांडगाई केली, तर चाहत्याने ती पाठीशी घालायची का? कुठपर्यंत?

---

नवा_गडी | शनिवार, रात्री १०:२०

धागा वाचतोय, पण पुण्यात बसून थोडं डोक्यावरून जातंय. या खेळात अंगाला अंग लावायला मुळात परवानगी असते का? रग्बीसारखं असतं का?

---

शिट्टीवाला | शनिवार, रात्री १०:४१

@नवा_गडी, थोडक्यात सांगतो. पंधरा-पंधरा खेळाडू, गोल चेंडू, हातानेही खेळायचं आणि पायानेही. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण, आणि २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. चेंडू हातात घेऊन चार पावलं टाकता येतात. मग तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाच्या बोटांवरून पुन्हा हातात उडवायचा.

आता तुमचा प्रश्न. खांद्याला खांदा भिडवता येतो, तोही बाजूने आणि एक पाय जमिनीवर ठेवून. चेंडूवर उघड्या तळव्याने थाप मारता येते. बास. मिठी मारणं, जर्सी ओढणं, पाय अडकवणं, मागून ढकलणं हे सगळं फाउल. रग्बीत धरून पाडणं हाच टॅकल असतो. इथे तसा टॅकल नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. चेंडू छातीशी कवटाळून धावणाऱ्या माणसाकडून तो नियमात राहून काढून घेणं फार अवघड आहे.

क्लबमध्ये लहान मुलांच्या सामन्यांना मी रेफरी म्हणून उभा राहतो. मूळ प्रश्नावर उद्या सविस्तर लिहीन.

---

पेठकर | शनिवार, रात्री ११:१५

लिफीकाठी, रागावू नका, पण तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेताय. खेळ आहे हा, भातुकली नव्हे.

मी कोल्हापूरचा, सध्या मुक्काम कॉर्क. शाहू स्टेडियमवर तालमीतालमींचे सामने बघत वाढलोय. तिथे फुटबॉल म्हणजे पेठेची इभ्रत. आयर्लंडला आलो आणि पहिल्यांदा पॅरिश (चर्चभोवतीची वस्ती), क्लब, काउंटी हा प्रकार बघितला तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आपलंच की! जन्मलास तिथल्या काउंटीकडून खेळायचं. पगार नाही, लिलाव नाही. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारा गडी सोमवारी शाळेत शिकवतो, नाहीतर बँकेत काउंटरवर बसतो. असा माणूस आपल्या गावासाठी अंगावर जखमा घेतो, आणि एखादा फाउल केला म्हणून आपण सोफ्यावर बसून त्याला शिव्या द्यायच्या? मला नाही पटत.

१९८३ ची फायनल घ्या. डब्लिन विरुद्ध गॉलवे. डब्लिनचे तिघे बाहेर काढले, गॉलवेचा एक. बारा जणांत डब्लिनने सामना काढला, १-१० विरुद्ध १-८ (आधी गोल, मग गुण). बाकीचा देश त्यांना 'डर्टी डझन' म्हणतो. डब्लिनवाले त्याच बारा जणांना 'बारा प्रेषित' म्हणतात, येशूचे असतात तसे. चाहता असाच असतो. त्याला न्यायाधीश व्हायला कुणी सांगितलंय?

---

कॅसलबारची | रविवार, सकाळी ८:०५

रात्रपाळी संपवून आत्ता घरी आले. झोपायच्या आधी लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

मी २००९ पासून मेयोत आहे. नवरा इथलाच, सासरे इथलेच. सासऱ्यांनी १९५१ चा मेयोचा विजय लहानपणी रेडिओवर ऐकलाय. त्यानंतर आजतागायत कप आला नाही. तेव्हा लिफीकाठी, तुमच्या दिवाणखान्यात तुम्ही नाचत होतात तेव्हा माझ्या दिवाणखान्यात काय चाललं होतं, ते सांगते.

१-१६, १-१६ अशी बरोबरी. भरपाईचा वेळ (इंज्युरी टाइम) सुरू. डब्लिनला फ्री किक मिळाली, लांबून. डीन रॉकने मारली आणि दांडीवरून घातली. एका गुणाने पुढे. आता मेयोचा गोलकीपर चेंडू परत आत मारणार, आमच्याकडे एकच हल्ला उरलेला. आणि मैदानभर निळ्या जर्सीवाले आमच्या माणसांना कवळ्यात धरून बसलेले. चेंडू कुठे आहे याच्याशी काही देणंघेणंच नाही. डब्लिनच्या किलकेनीला ब्लॅक कार्ड मिळालं, मुद्दाम धरून पाडल्याबद्दल देतात ते. मिळून काय झालं? तेव्हाच्या नियमात ब्लॅक कार्ड म्हणजे तो बाहेर आणि त्याच्या जागी दुसरा आत. शेवटच्या मिनिटाला त्याची किंमत शून्य. सासरे टीव्ही बंद न करता उठले आणि गोठ्याकडे गेले. तासाभराने परत आले.

२०२१ ची उपांत्य लढत तर विसरणंच शक्य नाही. डब्लिनच्या जॉन स्मॉलचा तो धक्का. आमच्या योहन मॅक्लॉक्लिनचा जबडा मोडला. कार्ड नाही, फ्री किकसुद्धा नाही. त्या रात्री डब्लिनचे चाहते फोरमवर लिहीत होते, खांद्याला खांदा होता, स्वच्छ होता. मी नर्स आहे. जबडा मोडलेली माणसं मी बघितली आहेत. दात तारेने बांधलेले, आठवडेच्या आठवडे नळीने सूप आणि मिल्कशेक, रात्री उलटी झाली तर काय या भीतीने उशाशी ठेवलेली तार कापायची कात्री. @पेठकर, ती कात्री एकदा बघा आणि मग सांगा, भातुकली नव्हे म्हणून.

आता माझीही एक गोष्ट कबूल करते, कारण तीही खरी आहे. २०१७ च्या त्याच फ्री किकच्या वेळी आमच्या ली कीगनने पाठीवरच्या पट्ट्यात बसवलेलं जीपीएसचं यंत्र काढून रॉकच्या दिशेने फेकलं, त्याचं लक्ष विचलित व्हावं म्हणून. ती आम्ही कधीच दांडगाई मानली नाही. आजही इथल्या पबमध्ये ती आठवण निघाली की लोकांचे डोळे चमकतात. माझेही. कीगनवर माझा इतका जीव आहे की मी त्याला 'फेकाफेकी' म्हणूच शकत नाही. म्हणजे लिफीकाठींचा प्रश्न मलाही लागू होतो, आणि माझ्याकडेही उत्तर नाही.

झोपते.

---

पेठकर | रविवार, सकाळी १०:३०

ताई, जबड्याचं वाचून गप्प झालो. मनापासून सांगतो.

पण सगळं एका मापाने मोजू नका. पडणाऱ्याला सावरायला वेळ मिळाला नाही असा जोराचा धक्का वेगळा. गोल वाचवायला पाय अडकवणं वेगळं. आणि २०२२ ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये बोगद्याजवळ आर्मा-गॉलवेच्या राड्यात डेमियन कोमरच्या डोळ्यात बोटं घातली गेली, ते वेगळं. त्याचं समर्थन जगातल्या कुठल्याच पेठेत होणार नाही. त्या माणसाला २४ आठवड्यांची बंदी झाली, ती कमीच होती.

---

ओमाचा_डॉक्टर | रविवार, दुपारी १२:५०

मी उत्तर आयर्लंडमध्ये, टायरोन काउंटीत, ओमा गावी असतो. इथून चित्र वेगळं दिसतं आणि ते कुणीतरी मांडायला हवं.

दक्षिणेतल्या मंडळींना टायरोन म्हटलं की एकच दृश्य आठवतं. ऑगस्ट २०१३, मोनहनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. कॉनर मॅकमॅनस गोलकडे सुटला होता आणि शॉन कॅव्हनाने त्याला मागून पकडून पाडला. पिवळं कार्ड मिळालं, आम्ही जिंकलो. त्या दिवशी टीव्हीवर समीक्षक जो ब्रॉली इतका भडकला की कॅव्हनाच्या माणूसपणावरच घसरला. आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता.

माझ्या दवाखान्यात तेव्हा येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या तोंडी हेच. एक म्हातारी बाई रक्तदाब तपासायला आली होती, हाताला पट्टा बांधल्यावर मला म्हणाली, "डॉक्टर, कॅव्हनाच्या जागी दुसऱ्या काउंटीचा पोरगा असता तर त्याला अनुभवी म्हटलं असतं." तिचा रक्तदाब त्या दिवशी लिहून घेण्यासारखा नव्हता. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. नियमाने मिळणारी शिक्षा गोलपेक्षा स्वस्त होती आणि त्याने ती स्वीकारली. ब्लॅक कार्डचा ठराव त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता, पण अंमल सुरू झाला १ जानेवारी २०१४ ला. म्हणजे कॅव्हना जुन्या दरात सौदा करून गेला. आणि चार वर्षांनी डब्लिनने फायनलमध्ये नेमकं तेच केलं, तर त्याला 'चॅम्पियनची हुशारी' म्हणायचं? कॅसलबारच्या ताई, तुमचं दुःख समजतं. पण अल्स्टरच्या, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या लोकांनी हे दुटप्पी माप कित्येक वर्षं सोसलंय. आम्ही आमच्या पोरांना पाठीशी घालतो, कारण दुसरं कुणी घालत नाही.

एकदाच मला आमच्या माणसाची लाज वाटली. २०१५ ला टियरनन मॅकॅनच्या डोक्यावर मोनहनच्या खेळाडूने नुसता हात फिरवला, केस विस्कटावेत तसा, आणि हा गोळी लागल्यासारखा कोसळला. समोरच्याला लाल कार्ड मिळालं. नंतर मॅकॅनला आठ आठवड्यांची बंदी सुचवली गेली, ती सुनावणीत रद्दही झाली. क्लबमध्ये सगळे खूश होते. मी नव्हतो. धक्का मारणाऱ्याला मी समजून घेऊ शकतो. न लागलेलं लागलंय असं दाखवून दुसऱ्याला बाहेर काढणं मला धक्क्याहून वाईट वाटतं.

---

लिफीकाठी | रविवार, दुपारी १:३०

डॉक्टर, "जुन्या दरात सौदा" हे वाक्य सकाळपासून हवं होतं. माझ्या पोराने काल तेच केलं. हिशेब बरोबर होता त्याचा. म्हणूनच मला उत्तर देता येत नाहीये.

---

शिट्टीवाला | रविवार, रात्री ८:१०

काल म्हटल्याप्रमाणे लिहितो. जरा लांबेल.

खेळाडू चुकतो, त्याला शिक्षा होते, विषय संपतो. माझ्या मते तोपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या नंतर, आपण चाहते काय करतो तिथे.

२००८, किलार्नी, केरी विरुद्ध क्लेअर. पॉल गॅल्विन त्या वर्षी केरीचा कर्णधार. दुसरं पिवळं कार्ड मिळालं म्हणून त्याने रेफरीच्या हातातली वही फटका मारून उडवली. मोठी बंदी बसली, अपिलांवर अपिलं होऊन ती कमी झाली. मला तो खेळाडू म्हणून अतिशय आवडायचा. पुढच्याच वर्षी, २००९ ला, तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि ते त्याने कमावलं होतं. पण त्या वहीवर माझं मन अडकलेलं आहे. वही म्हणजे तेवढीच, खिशात मावणारी. माझ्याकडेही तशीच असते. पावसात पानं चिकटतात, पेन्सिलनेच लिहावं लागतं. ती वही उडवली की मैदानावर दुसरं काही उरत नाही हो. तीस मुलं, दोनशे माणसं आणि मी. मध्ये फक्त ती वही.

२०१० ची लेन्स्टर प्रांताची फायनल आठवते ना? मीथ विरुद्ध लाऊथ. लाऊथ पुढे होतं, १९५७ नंतर पहिल्यांदा जिंकणार होतं. शेवटच्या क्षणी मीथच्या जो शेरिडनने चेंडू हातात घेऊन रेषेपलीकडे नेला. तो गोल नव्हताच, पण रेफरी मार्टिन स्लडनने दिला. चूक झाली, फार मोठी चूक. शिट्टी वाजल्यावर लाऊथचे चाहते मैदानात घुसले आणि त्या एकट्या माणसाला धक्काबुक्की केली. टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. लाऊथवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं आणि माझी सहानुभूती आजही त्यांच्याकडे आहे. २०२५ ला त्याच मीथला हरवून त्यांनी तो किताब मिळवला तेव्हा मी रडलो. पण त्या दिवशी स्लडनच्या अंगावर गेलेला हात अन्यायाने समर्थनीय होत नाही.

आणि हे फक्त क्रोक पार्कवर घडत नाही. २०२२ मध्ये रॉसकॉमनमध्ये लहान गटाच्या सामन्यात रेफरीला मारहाण झाली, त्या शनिवार-रविवारचे काउंटीतले सामने रद्द करावे लागले. लहान गटाच्या सामन्यात! ती मारहाण करणारा माणूस एका दिवसात तयार होत नाही. तो वीस वर्षं टीव्हीसमोर "आपला पोरगा कधी चुकत नाही" म्हणत बसलेला असतो.

२०२५ च्या नव्या नियमांनी एक गोष्ट चांगली केली. फक्त कर्णधाराने रेफरीशी बोलायचं. दुसरा कुणी हुज्जत घालायला आला की चेंडू ५० मीटर पुढे. जिम गॅव्हिनच्या समितीने हे आणलं, आणि गॅव्हिन म्हणजे २०१७ ला डब्लिनचाच प्रशिक्षक. पहिल्या महिन्यात माझ्या सामन्यातल्या पोरांनी दोनदा ५० मीटर घालवले. तिसऱ्या सामन्यापासून चेंडू निमूट हातात आणून द्यायला लागली. अजूनही न बदललेले फक्त साइडलाइनवरचे बाप.

---

लूकनची_आई | रविवार, रात्री ९:२५

शिट्टीवाला, आयांनाही धरा त्यात. आम्हीही काही कमी नाही.

माझी मुलगी लेडीज फुटबॉल, म्हणजे मुलींचं गेलिक फुटबॉल खेळते. तिथे जाणूनबुजून अंगावर जाणं, खांदा देणं मुळात चालतच नाही. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर, आणि हे आमच्याकडे पुरुषांच्या कितीतरी आधीपासून आहे. पुरुषांना ब्लॅक कार्डवर दहा मिनिटं बाहेर बसवायला २०२० उजाडलं. दहा मिनिटं चौदा जणींनी खेळायचं म्हणजे काय ते पोरींना बरोबर कळतं. बाहेर बसलेली मुलगी घड्याळाकडे बघत रडवेली होते आणि आतल्या चौदा जणी तिच्या वाटचं धावतात. मग पुढच्या वेळी धरायच्या आधी हात थांबतो.

म्हणून मला असं वाटतं की खेळाडूच्या स्वभावापेक्षा डॉक्टर म्हणतात तो 'दर' महत्त्वाचा. २०१७ ला डब्लिनने धरलं, कारण धरणं फुकट होतं. किंमत चढवा, हात आपोआप खाली येतील.

---

कॅसलबारची | सोमवार, दुपारी ३:४०

लूकनच्या आई, निम्मं पटलं. दर चढवला की धरणं कमी होईल हे खरं. पण २०१५ बघा. डब्लिनच्या डायर्मुड कॉनलीला आमच्याविरुद्ध बरोबरीत सुटलेल्या सामन्यात लाल कार्ड मिळालं. बंदी एका समितीने कायम केली, दुसऱ्या समितीनेही कायम केली. शेवटी वाद निवारण प्राधिकरणापुढे मध्यरात्रीनंतरपर्यंत सुनावणी चालली आणि फेरसामन्याच्या दिवशी पहाटे तो सुटला. संध्याकाळी खेळला, डब्लिन जिंकलं. दर कितीही चढवा, वकील तो उतरवून आणतो. आणि आपण चाहते त्या वकिलासाठीही टाळ्या वाजवतो.

त्याच कॉनलीने २०१७ ला कार्लोविरुद्ध लाइन्समनला हात लावला, तेव्हा १२ आठवड्यांची बंदी निमूट घेतली. अपील नाही, काही नाही. बंदी संपवून आला आणि फायनल खेळला. त्या वेळी, मी मेयोची असूनही, मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. चूक झाली, किंमत मोजली. त्यात त्याच्या चाहत्यांनी पाठीशी घालावं असं काही उरलंच नव्हतं.

कीगनचंही मी आता माझ्यापुरतं ठरवलंय. ते यंत्र फेकलं ते चुकीचं होतं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. २०१६ ला देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला माणूस तो, त्याला त्या फेकण्याची गरज नव्हती. नवऱ्याला हे बोलून दाखवलं, तो चहाचा कप घेऊन उठून गेला. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

---

पेठकर | सोमवार, रात्री १०:५५

ताई, तुम्ही दोन दिवस घेतलेत, मला वीस वर्षं लागली. लिहायचं नव्हतं, पण आता लिहितो.

कोल्हापुरात कॉलेजात असताना एका सामन्यात आमच्या पोराने समोरच्या विंगरला कोपर मारलं. गालाखालचं हाड गेलं त्याचं. तालमीचं नाव घेत नाही, आमच्या तर नाहीच. आम्ही त्या पोराला खांद्यावर घेऊन पेठेत मिरवलं. गुलाल उधळला, नारळ फोडला. विंगरची आई दुसऱ्या दिवशी मंडईत भाजी घेताना समोर आली. ती मला ओळखत नव्हती, पण माझ्या शर्टावर अजून गुलालाचे डाग होते. ती डागांकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही. मी मेथी तिथेच ठेवून निघून आलो.

तो कोपर मारणारा गडी माझा दोस्त आहे, आजही. त्याला मी सोडला नाही आणि सोडणार नाही. पण मिरवायला नको होतं. धक्का त्याने मारला, गुलाल आम्ही टाकला.

लिफीकाठी, पोराला जवळ घ्या, पण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगा काहीतरी.

---

ओमाचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७:२०

पेठकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'आमच्या पोरांना दुसरं कुणी पाठीशी घालत नाही' हे माझं म्हणणं मी अजून मागे घेत नाही. माझा विरोध सगळ्यांना वेगवेगळं माप लावण्याला आहे आणि तो राहील. पण पोराच्या मागे उभं राहणं आणि त्याने केलेल्या कृत्याच्या मागे उभं राहणं यात मी इतकी वर्षं फरकच केला नव्हता, हे मान्य.

---

नवा_गडी | मंगळवार, सकाळी ९:००

मी आजवर या खेळाचा एकही सामना बघितलेला नाही. काल रात्री बसून २०१७ ची फायनल पूर्ण बघितली. शेवटची दहा मिनिटं उभा राहून. बाकी काही बोलण्याचा अधिकार नाही मला, पण मेयोसाठी जीव तुटला.

---

लिफीकाठी | शनिवार, संध्याकाळी ६:३५

आठवडाभर तुमचं सगळं वाचत होतो. आज पुन्हा सामना झाला, म्हणून लिहायला बसलो.

बुधवारी मुलाला सांगितलं की शनिवारी तू केलंस ते चूक होतं. आणि २०१७ ला मी नाचलो तेही चूक होतं. तो म्हणाला, "पण आपण जिंकलो ना दोन्ही वेळा?" मी म्हटलं, हो, जिंकलो. पुढे काय बोलायचं मला सुचलं नाही, त्यालाही नाही. जेवायला बसलो.

सामन्याआधी त्या पाठ थोपटणाऱ्या बाबांशीही बोललो. पोरं धरून पाडतात तेव्हा आपण टाळ्या नको वाजवूया, एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, की त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं. रागाने नव्हे, शांतपणे. मग आम्ही दोघंही मैदानाकडे बघत उभे राहिलो.

आणि आज तसंच घडलं, जवळजवळ तसंच. बरोबरी होती, शेवटचं मिनिट. समोरचा मुलगा माझ्या मुलाला चुकवून आत शिरला. माझा मुलगा अर्धं पाऊल मागे. हात कमरेपर्यंत गेलेला मी बघितला. मग तो हात पुढे गेला, चेंडूवर थाप मारायला. थाप हुकली. त्या मुलाने चेंडू दांडीवरून मारला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

साइडलाइनवर सगळे गप्प होते. मी टाळ्या वाजवल्या. कुणी साथ दिली नाही. प्रशिक्षकांनीही त्याला जवळ बोलावलं नाही. गाडीत तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता. मी विचारलं, भूक लागलीये का? नाही म्हणाला.

घरी आल्यावर चिखलाचे बूट त्याने न सांगता बाहेरच्या नळावर धुतले. एरवी मला तीनदा ओरडावं लागतं.

---

कॅसलबारची | शनिवार, संध्याकाळी ७:१०

त्याला माझ्याकडून सांगा, मेयोत एक मावशी आहे म्हणून. कधीही या.

---

पेठकर | शनिवार, रात्री ८:०२

त्या पहिल्या पोराच्या हाताचं काय झालं, लुकड्याच्या?

---

लिफीकाठी | शनिवार, रात्री ८:२०

मंगळवारी त्यांच्या क्लबवर जाऊन विचारून आलो. मनगट सुजलंय, मोडलेलं नाही. दोन आठवडे खेळायचं नाही. आजोबा भेटले. मुलाला सोबत नेलं होतं, तो गाडीतून उतरायला तयार नव्हता, मग उतरला. पुढचा त्यांच्याशी सामना एप्रिलमध्ये आहे.